निळा घेतला, गुलाबी निघाला

ह्या वेळी पत्रांचा गठ्ठा सोडला आणि मला हसूच आलं, अर्ध्याहून जास्त पत्रं एकाच झाडावर, हायड्रेंजिया. मे महिन्यात आपली बेळगावकडची मंडळी उटीला जाऊन आली, तिथं कुंपणाकुंपणाला ते निळे गेंद बघितले आणि येताना गाडीच्या डिकीत एकेक रोप टाकून घेऊन आली, राहिलेल्यांनी फोनवर फोटो बघून मागवलं, आणि आता पाऊस सुरू झाल्यावर सगळ्यांना एकदम प्रश्न पडलेत. आधीच सांगते, मी ह्यातली एक्स्पर्ट वगैरे नाही. तीन रोपं मी स्वतःच्या हातानं मारलीत, चौथं जगलंय त्याला आता नऊ वर्षं झाली, त्या तिघांच्या जिवावर जे शिकले तेच खाली लिहितेय. पत्रं लांब होती, थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, गेल्या वर्षी निळ्या फुलाचं हायड्रेंजिया आणलं, ३५० रुपये मोजले. यंदा फूल आलं ते चक्क गुलाबी. नर्सरीवाल्यानं फसवलं का मला? जाऊन भांडू का? नळ चार दिवसांनी येतो म्हणून पाणी बोअरचं घालतो आम्ही, बाकी सगळी काळजी घेते. (एक काकू, शहापूर)

उत्तर: काकू, चप्पल घालून निघाला असाल तर परत या. नर्सरीवाल्याची काही चूक नाही, त्यानं दिलं तेव्हा ते निळंच होतं, गुलाबी तुमच्या घरी झालं.

ह्या झाडाचा रंग निम्मा झाडात आणि निम्मा मातीत असतो. गुलाबी काय, जांभळं काय नि निळं काय, तिन्हीतलं रंगद्रव्य एकच, डेल्फिनिडिन नावाचं. मुळांनी मातीतून अॅल्युमिनियम ओढलं आणि ते फुलापर्यंत पोचलं की तेच रंगद्रव्य निळं दिसतं, नाही पोचलं की गुलाबी. अॅल्युमिनियम मातीत भरपूर असतं हो, पण ते विरघळतं आंबट मातीत, म्हणजे आम्लधर्मी, पीएच ५.५ च्या खाली असेल तर. पीएच ६.५ च्या वर गेला की ते मातीतच कुलूपबंद, मुळाला काही मिळत नाही. मधल्या पीएचला जांभळट, नाहीतर एकाच झाडावर एक गेंद निळसर आणि एक गुलाबी असला तमाशा. शाळेत लिटमसचा कागद बुडवला असेल ना, त्याच्या बरोब्बर उलटं लक्षात ठेवा, लिटमस आंबटात तांबडा होतो, हे आंबटात निळं होतं.

आणि तुमच्या पत्रातली शेवटची ओळ वाचली तेव्हाच मला उत्तर कळलं. बोअरचं पाणी. तुमच्या किटलीच्या बुडाला जो पांढरा थर धरतो ना, तोच रोज तांब्या तांब्यानं कुंडीत जातोय, वर्षभरात माती आंबटाची अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट, झाली. त्यापेक्षा नळाचं पाणी बरं, आपल्याकडे ते राकसकोपचं नाहीतर हिडकलचं, धरणातलं, बोअरइतकं जड नसतं. सगळ्यात बरं पावसाचं. आत्ता पाऊस आहे तर पन्हाळीखाली एक ड्रम लावा, डासांसाठी वर जुनी साडी बांधा, ते पाणी नुसतं ह्या झाडासाठी ठेवा. आरओच्या मशीनमधून जे वाया जाणारं पाणी येतं ते मात्र चुकूनही नको, त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात, लोक काटकसर म्हणून तेच झाडांना घालतात आणि मग मला पत्र लिहितात.

एक सोपी परीक्षा करा. कुंडीतली चमचाभर माती वाळवून बशीत घ्या, वरून व्हिनेगर ओता, नसेल तर लिंबू पिळा. फसफस बुडबुडे आले तर मातीत चुनखडी आहे, निळ्याचं नाव काढू नका. मी एकदा ओट्यावर दोन बशा मांडल्या होत्या, एकीत आमच्या कुंडीतली माती आणि एकीत भाच्यानं गोकाकहून आणलेली काळी. लिंबू पिळल्याबरोबर गोकाकची माती सोड्याची बाटली फोडल्यासारखी बोलायला लागली आणि आमची आपली गप्प. आमचे हे म्हणाले स्वयंपाकघरात चिखल कशाला, तोवर माझं काम झालं होतं. फसफस नाही आली तरी माती आंबटच आहे असं नाही हं, एवढंच कळतं की चुना नाही. नेमका आकडा पाहिजे असेल तर पीएचच्या पट्ट्या मिळतात, आणि माती तपासून कुठं मिळेल ते आपल्या होबळीच्या रयत संपर्क केंद्रात, म्हणजे सरकारी शेती कार्यालयात, विचारा.

आता निळं करायचं तर तुरटी. दाढीच्या दुकानात असते तीच, तुरटीत अॅल्युमिनियमच असतं. कुटून पूड करा, एक लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा, पूर्ण विरघळू दे, आणि आधी साध्या पाण्यानं भिजवलेल्या मातीवर घाला. वाळक्या कुंडीत घातलं की मुळं भाजतात. पंधरा दिवसांतून एकदा, सुरुवात जानेवारीत, गेंद अजून बाहेर पडले नसताना, कारण गेंद उमलून गुलाबी झाल्यावर तुम्ही पोतंभर तुरटी ओतली तरी तो गेंद काही निळा व्हायचा नाही. आणि जास्त घातली तर लवकर होईल असंही नाही, जास्त घातली तर झाड मरेल.

गंजके खिळे पुरायचं जे सगळे सांगतात ते सोडून द्या. लोखंडाचा ह्या निळ्याशी संबंध नाही. माझ्या पहिल्या कुंडीत मी अकरा खिळे पुरले होते, झाड मेल्यावर कुंडी उपडी केली तेव्हा खिळे जसेच्या तसे निघाले. आणि हाडाची पावडर, डीएपी, सुपर फॉस्फेट, असलं काही घालत असाल तर थांबवा, त्यातला स्फुरद (फॉस्फरस) अॅल्युमिनियमला धरून ठेवतो, मग एका हातानं तुरटी घालायची नि दुसऱ्यानं काढून घ्यायची असला कारभार होतो.

खरं सांगू का काकू, गुलाबी काय वाईट आहे? गुलाबीसाठी तुम्हाला काहीच करायला नको, बोअर आपणहून करतोय. फक्त पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहायला लागल्या तर ते लोह मिळेना झालंय, चिलेटेड आयर्न मिळतं खताच्या दुकानात, पाकिटावरच्या मापानं फवारा. आणि पांढऱ्या जातीचं झाड असेल तर हा सगळा अध्याय विसरा, पांढरं निळं होत नाही.

प्रश्न: अक्का नमस्कार. रोप आणलं तेव्हा त्याला पाच गेंद होते. तीन वर्षं झाली, एक फूल नाही. पानं मात्र हिरवीगार, झाड माझ्या कमरेला लागलंय. शेणखत घालायलोय, महिन्याला थोडा युरिया, दसऱ्याला गुलाबाबरोबर छाटणी पण न चुकता करतो. काय चुकायलंय? (एक निवृत्त मास्तर, टिळकवाडी)

उत्तर: मास्तर, तुम्हीच उत्तर लिहून पाठवलंय, दसऱ्याला छाटणी.

गुलाबाला दसऱ्याच्या आसपास कापलं की नवीन फुटव्यावर फुलं येतात, ते बरोबर आहे, आपल्या सगळ्यांचे हात त्याच सवयीचे. पण आपल्याकडे मिळतं ते हायड्रेंजिया, मोठ्या पानांचं, ते जुन्या फांदीवर फुलतं. म्हणजे यंदा वाढलेल्या काडीच्या शेंड्याला थंडीच्या सुरुवातीला कळी धरते, ती आत झोपून राहते आणि पुढच्या उन्हाळ्यात फूल. तुम्ही दसऱ्याला शेंडे उडवता म्हणजे उन्हाळ्याचं फूल ऑक्टोबरात कचऱ्यात टाकता, तेही दर वर्षी, न चुकता. मी पण दोन वर्षं हेच केलंय, आणि वर शेजारच्या काकूंना शिकवलं पण.

डिसेंबरात एकदा भिंग नसलं तरी चष्मा लावून बघा. काडीच्या टोकाला हरभऱ्याहून जरा मोठी, फुगीर, गोलसर कळी दिसेल ती फुलाची, आणि खाली पेरांवर बारीक टोकदार चिकटलेल्या असतात त्या पानाच्या. मला खात्री करायची होती म्हणून एक फुगीर कळी नखानं सोलली, आत फ्लॉवरच्या भाजीचा तुरा असतो ना, त्याचं मोहरीएवढं पिल्लू. सोलल्यावर वाईट वाटलं, एक गेंद गेला. तेव्हा तुम्ही सोलू नका, माझ्यावर विश्वास ठेवा.

छाटायचं ते फुलं सुकल्यावर लगेच, जून-जुलैत, तेही सुका गेंद आणि त्याखालची जाड पानाची एक जोडी एवढंच, शिवाय मेलेल्या वाळक्या काड्या बुडातून. गणपती आले की सिकेटर (छाटणीची कात्री) कपाटात ठेवून द्यायचा तो पुढच्या जूनपर्यंत, गुलाबासाठी काढलात तरी ह्या कुंडीकडे बघायचं नाही.

दुसरं म्हणजे युरिया बंद. नत्र जास्त झालं की झाड नुसतं पानात रमतं. शेणखत कुजलेलं, वर्षातून दोनदा, पुरे.

तिसरी गोष्ट तुमच्या हातात नाही, थंडी. ह्या झाडाला कळी धरायला रात्र १८ अंशांच्या खाली लागते, आणि धरलेली कळी नीट फुलायला त्याहून बरीच जास्त थंडी आवडते, थंड देशातले फुलवाले कुंड्या सहा-आठ आठवडे ४ ते ७ अंशांत कोल्ड स्टोअरेजला ठेवतात आणि मग बाहेर काढून फुलवून विकतात. तुम्ही आणलेले ते पाच गेंद असल्याच कुठल्यातरी थंड जागेचे लाड होते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे १३-१४ अंशांवर पारा येतो, म्हणजे कळी धरेल, पण उटीसारखं झाड झाकून जाईल अशी अपेक्षा ठेवू नका, माझ्या झाडाला चांगल्या वर्षी सात येतात, वाईट वर्षी दोन. हिवाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवा, रात्रीची गार हवा लागू दे, पाणी जरा कमी करा. आपल्या बायका थंडी वाजेल म्हणून कुंडी व्हरांड्यात आत घेतात, तसलं प्रेम करू नका.

प्रश्न: आमचं अथणीला शेत आहे, बंगल्यापुढं काळी माती, बोअरचं पाणी, एप्रिल-मेत ४० डिग्री. मिसेसना निळ्या हायड्रेंजियाची रांग पाहिजे गेटपासून दारापर्यंत. जमेल का? (एक शेतकरी, अथणी)

उत्तर: नाही. दादा, वहिनींना माझं नाव सांगा.

त्या मातीत ती रांग पहिल्या मेमध्येच जाईल आणि खर्च तुमचा. हौसच असेल तर घराच्या उत्तरेला सावलीत दोन मोठ्या कुंड्या, बाहेरून आणलेल्या तांबड्या मातीच्या, पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर, ते पण कुत्रं पाळल्यासारखं रोज बघायची तयारी असेल तरच. गेटपासूनच्या रांगेला निळा चित्रक लावा, नर्सरीत प्लंबॅगो म्हणून मागा, फिकट निळे झुपके येतात, ऊन सोसतो. मध्येमध्ये आधार देऊन गोकर्ण चढवा, त्याचा निळा तर हायड्रेंजियाच्या तोंडात मारेल. बोगनवेल आहेच.

प्रश्न: आम्ही खानापूरच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर. तांबडी माती. रोप जमिनीत लावलंय, मे महिन्यात फूल आलं ते निळंशार, काही न घालता. पण पाऊस लागला तसे पानांवर गोल जांभळट डाग आले, मध्ये राखी रंगाचे, आणि दोन फांद्या बुडाशी काळ्या पडून गळाल्या. रोप कौलाच्या पडवीला लागून आहे. (एक ताई, खानापूर तालुका)

उत्तर: बघा शहापूरच्या काकू, ह्याला म्हणतात नशीब. खानापूरकडची जांभ्याची माती, पिढ्यानपिढ्या पावसानं धुतलेली, चुना सगळा वाहून गेलेला, आंबट, लोह-अॅल्युमिनियमनं भरलेली, तिथं तुरटी कशाला लागतेय. आपल्या एका जिल्ह्यात गाडीनं दोन-अडीच तास पूर्वेला गेलं की हेच झाड निळ्याचं गुलाबी होतं आणि आणखी पुढं गेलं की मरतं, मला ह्याची फार गंमत वाटते.

तुमचं दुखणं वेगळं. पडवीला लागून म्हणजे पागोळ्या थेट बुंध्यावर पडत असणार, चार महिने अखंड धार, माती उडून पानांच्या खाली चिकटते, बुंधा पाण्यात. हायड्रेंजियाला पाणी आवडतं, पण पाण्यात उभं राहायला आवडत नाही, मुळं कुजतात. आत्ता पावसात हलवू नका, पागोळीच्या रेषेत पत्र्याचा तुकडा लावून धार बाजूला काढा आणि बुंध्यापासून उताराकडे कुदळीनं एक चर मारा. काळ्या झालेल्या फांद्या निरोगी भागापर्यंत कापून जाळा. पाऊस संपला की गड्ड्यासकट काढून हात-दीड हात पुढं, जमिनीपेक्षा वीतभर उंच वाफा करून लावा, भाताचं तूस आणि पालापाचोळा भरपूर मिसळून.

डाग म्हणजे बुरशी, दिसायला वाईट पण झाड मारत नाही. डागाची पानं, खाली गळलेली सुद्धा, रोज गोळा करून लांब टाका, खताच्या खड्ड्यात नको. पुढच्या वर्षी मृगाच्या आधी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण एक टक्क्याचं एकदा फवारा, फक्त उरलेलं बुडात ओतू नका, त्यात चुना आहे, तुमचा फुकटचा निळा घालवाल.

प्रश्न: ताई, ऑनलाइन बघितलं तर डोकंच फिरलं, मॉपहेड, लेसकॅप, पॅनिक्युलाटा, अॅनाबेल, एंडलेस समर. कुठलं घेऊ? एका ठिकाणी सात रंगांच्या बियांचं पाकीट ९९ रुपयांना आहे, ते घेऊ का? (कॉलेजची एक मुलगी, निपाणी)

उत्तर: बाळा, आधी ते पाकीट कार्टमधून काढ. हायड्रेंजियाचं बी धुळीसारखं बारीक, त्यातून आलेलं रोप आईसारखं निघेल ह्याची खात्री नाही, फुलायला काही वर्षं, आणि रंग तर मातीवर आहे हे वर वाचलंसच, मग पाकिटावर सात रंग कसे छापतात? माझ्या एका मैत्रिणीनं घेतलं होतं, उगवलं ते तांदुळजा. निदान भाजी तरी झाली.

आता नावांचं. मॉपहेड आणि लेसकॅप ही एकाच झाडाची दोन रूपं, दोन्ही मोठ्या पानांच्या जातीची, मूळची जपानची. गेंदासारखं भरगच्च ते मॉपहेड. लेसकॅपमध्ये मध्ये बारीक दाण्यांचा चपटा झुपका आणि कडेनं मोठ्या पाकळ्यांची झालर. ते मधले दाणे म्हणजे खरी फुलं, बी धरणारी, आणि आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं, म्हणजे कळीबाहेरची हिरवी आवरणं असतात ना, तीच इथं रंगीत झालीत, म्हणून तर हे फूल आठवड्यात गळत नाही, महिना-दीड महिना टिकतं आणि म्हातारं झालं की हिरवट पडतं. मला स्वतःला लेसकॅप जास्त आवडतं पण आपल्या बाजूच्या नर्सऱ्यांत मी फक्त मॉपहेडच बघितलंय, गेंदच विकला जातो.

पॅनिक्युलाटाला लांबट तुरे येतात, पांढरे, मग गुलाबी पडतात. अॅनाबेल अमेरिकेतलं, पांढरे गोळे. दोन्ही नव्या फांदीवर फुलतात, छाटणीची भानगड नाही, पण ती कडक हिवाळ्याची झाडं, निपाणीत त्यांना झोप लागेल इतकी थंडी कुठली. एंडलेस समर ही २००४ साली बाजारात आलेली मोठ्या पानांचीच जात, जुन्या आणि नव्या दोन्ही फांद्यांवर फुलते, खरीखुरी मिळाली तर आपल्यासाठी चांगली, पण नाव लावून काय विकतील सांगता येत नाही. तू साधं मॉपहेड घे, आणि ऑनलाइन नको, निपाणीच्या नाहीतर बेळगावच्या नर्सरीत जाऊन, मे-जूनमध्ये, फुलासकट. आणि विचार की हे रोप इथं किती दिवस आहे. गेल्या आठवड्यात ट्रकमधून उतरलेल्यापेक्षा एक उन्हाळा इथं काढलेलं, जरा रापलेलं, दोनच गेंदांचं रोप चांगलं. मला एकानं आधी "हूव बर्तावरी अक्का" (फुलं येतात अक्का) म्हणून कन्नडात आणि मग ऊन चालतंय म्हणून मराठीत सांगितलं होतं, दोन्ही भाषांत खोटं. पिशवीच्या भोकातून मुळांचं जाळं बाहेर आलेलं असेल तर सोड, आणि पानाच्या मागं पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण, ते तर घरीच आणू नको.

तुझी माती तंबाखूच्या पट्ट्यातली, कशी आहे ते लिंबानं बघ, पण शक्यतो कुंडीतच लाव, १४ इंची. निम्मी तांबडी माती, बाकी कुजलेला पालापाचोळा, गांडूळखत आणि धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). वरून उसाचं पाचट पसर चार बोटं, तुमच्याकडे त्याला तोटा नाही, ओल टिकते आणि मुळं गार राहतात. ऊन सकाळचं दहा-साडेदहापर्यंत, मग सावली, म्हणजे घराची पूर्व बाजू. पश्चिमेची भिंत म्हणजे ह्या झाडाचा फास.

नावाचं म्हणशील तर ग्रीकमधून आलंय, पाणी आणि भांडं असे दोन शब्द, त्याच्या बीच्या बोंडाचा आकार मडक्यासारखा म्हणून. पाण्याचं मडकं. उन्हाळ्यात तू पाणी घालून घालून दमलीस की हे नाव बरोबर वाटेल.

प्रश्न: शेजाऱ्यांच्या झाडाची फांदी लावली तर जगते का? कधी लावायची? (अनगोळ)

उत्तर: जगते, आत्ताच लावा, आणि विचारून तोडा. फूल न आलेली, पेन्सिलीएवढी, अर्धी कोवळी अर्धी जून झालेली काडी, दोन-तीन पेरांची. खालची पानं काढा, वरची दोन कात्रीनं आडवी निम्मी करा, नाहीतर काडीला मुळं नसताना ती एवढी पानं पाणी मागत बसतात. अर्धी वाळू, अर्धं कोकोपीट, एक पेर मातीत, वर दुधाची धुतलेली पिशवी उपडी, उजेडात पण उन्हात नाही. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. हळूच ओढून बघायचा मोह होतो, मला तर रोज होतो, पण नका बघू.

प्रश्न: आमच्या शेळीनं निम्मं झाड खाल्लं. काही होतं का? (बेळगुंदी)

उत्तर: होऊ शकतं, हे झाड विषारी आहे, पानं-कळ्या सगळं. शेळी, गाय, कुत्रं, कुणालाच खाऊ द्यायचं नाही. पत्र पोचेपर्यंत दिवस गेलेत, तुमची शेळी बरी असेल असं धरून चालते, पण परत असं झालं तर मला पत्र न लिहिता आधी जनावरांच्या डॉक्टरला फोन. आणि हल्ली केकवर ताजी फुलं खोचायची फॅशन आलीय, त्यात हे नको.

प्रश्न: एप्रिलमध्ये दुपारी झाड अगदी मान टाकायचं, पानं फडक्यासारखी. घाबरून पाणी घालत होते, कधीकधी दिवसातून तीनदा. आता बुंधा मऊ लागतोय. (कॅम्प)

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला माझं दुसरं रोप आठवलं. अगदी हेच. एप्रिलमध्ये आपल्याकडे ३६-३७ पर्यंत जातं, ह्याची पानं तळहाताहून मोठी, जेवढं पाणी उडतं तेवढं मुळं ओढू शकत नाहीत, म्हणून दुपारी झाड मान टाकतं, ते आजारी नसतं, आपण दुपारी जेवून आडवं होतो तसंच. संध्याकाळी सहाला परत उभं राहतं का बघायचं. राहिलं तर काही करू नका. नाही राहिलं तर बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेव्हा मात्र भोकातून निघेपर्यंत. ओल्या मातीतही झाड संध्याकाळी लोळलेलंच असेल तर मुळं कुजायला लागलीत, मी तेव्हा आणखी बादली ओतली होती. पाणी घालायची वेळ सकाळची, सातच्या आत.

आता बुंधा मऊ म्हणताय तर कुंडीतून काढा, तपकिरी वास मारणारी मुळं कापा, पांढरी ठेवा, कोरड्या नव्या मातीत लहान कुंडीत लावा. आणि हिरव्या राहिलेल्या दोन-तीन काड्या वर अनगोळला सांगितल्या तशा लावून ठेवा, आई नाही वाचली तर पोरं तरी राहतील.

प्रश्न: दोन गेंद अजून झाडावर आहेत, ते गौरीपर्यंत टिकतील का? तोडून फुलदाणीत ठेवले की दोन तासांत माना टाकतात. (वडगाव)

उत्तर: झाडावर टिकतील, पण तोवर हिरवट-किरमिजी पडतील, मला तरी तो रंग गौरीच्या हिरव्या साडीपुढं छान वाटतो. तोडायचे ते पहाटे, पाण्याची बादली झाडाजवळ नेऊन, कापल्या कापल्या दांडा बादलीत. घरात आणल्यावर दांड्याचं टोक तिरकं कापून लगेच तुरटीच्या पुडीत बुडवा आणि मग फुलदाणीत, दांड्यातून चीक येऊन पाणी अडतं ते अडत नाही. तरीसुद्धा मान टाकली तर आख्खा गेंद डोक्यासकट गार पाण्याच्या घमेल्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवा, हे फूल पाकळ्यांतून पण पाणी पितं, परत ताठ होतं. तुरटी नसेल घरात तर शहापूरच्या काकूंकडे मागा, त्यांच्याकडे आता डबाभर असणार.